दोन एमबीची लाईन, ऐंशी कॉम्प्युटर आणि चारचा ट्रक

दुपारचे चार वाजले की माझा इंटरकॉम वाजायचा. उचलायच्या आधीच माहीत असायचं, डिस्पॅच. "भाऊ, गाडी गेटवर उभी आहे आणि इन्व्हॉइस निघंना. नेट बघा ना जरा." मी "बघतो" म्हणायचो, सर्व्हर रूममध्ये जाऊन राउटरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांसमोर उभा राहायचो आणि दहा-पंधरा मिनिटांत इन्व्हॉइस आपोआप निघायचं. डिस्पॅचच्या पोरांची पक्की समजूत होती की भाऊ आत जाऊन काहीतरी करतात. मी काहीही करत नव्हतो. आत एसी होता, एवढंच.

ही २०१० च्या जानेवारीतली गोष्ट. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आमचा कारखाना होता, गाड्यांचे कास्टिंगचे (ओतीव) भाग मशिनिंग करून द्यायचो. ऑफिस, डिझाइन, क्वालिटी, स्टोअर सगळं मिळून ऐंशीच्या आसपास कॉम्प्युटर आणि बाहेर जायला दोन एमबीपीएसची एकुलती एक लीज लाईन, म्हणजे फक्त आमच्यासाठी भाड्याने घेतलेली इंटरनेटची लाईन. आज हे वाचून हसू येईल, पण तेव्हा सरकारी व्याख्येनुसार २५६ केबीपीएस मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणायचे. दोन एमबीची लीज लाईन ही तेव्हा ऐट होती. तिचं वर्षाचं बिल आलं की अकाउंट्सचे काका मला बोलावून घेत आणि तो कागद चिमटीत धरून विचारत, "हे नक्की कशाचं?"

ईआरपी, म्हणजे कंपनीचा माल आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर, पुण्याच्या ऑफिसात. इन्व्हॉइस तिकडच्या सर्व्हरवर बनायचं आणि इकडे छापलं जायचं. ते वेळेत निघालं नाही तर ट्रक अडकतो, ट्रक अडकला तर समोरच्याच्या असेंब्लीला माल कमी पडतो, आणि मग डेबिट नोट येते, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद. जानेवारीत अशा दोन आल्या. दुसरी आली त्या दिवशी एमडी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पोरं सिनेमे उतरवतात म्हणे. बंद कर." मलाही तसंच वाटत होतं. टोरंटचा जमाना, डिझाइनमधली पोरं तरुण, कानात हेडफोन. संशय घ्यायला आणखी काय लागतं?

इंटरनेटच्या तोंडाशी आमचा मायक्रोसॉफ्टचा आयएसए सर्व्हर २००६ बसलेला होता. फायरवॉल (दारावरचा पहारेकरी) आणि प्रॉक्सी (सगळ्यांच्या वतीने बाहेर जाणारा मध्यस्थ) दोन्ही तोच. कुणाला कुठली साइट दिसावी, कुठली दिसू नये, हे त्यात छान जमायचं. कुणाला किती वेग मिळावा हे मात्र जमत नव्हतं. आयएसए २००० मध्ये बँडविड्थचे रूल होते, २००४ च्या आवृत्तीपासून ते काढून टाकलेले. म्हणून शोधाशोध करता करता 'बँडविड्थ स्प्लिटर' नावाचं एक ॲड-ऑन हाती लागलं. ते आयएसएच्याच खिडकीत जाऊन बसतं, स्वतःचे रूल आणतं, आणि एकाच वेळी दहापर्यंत क्लायंट, म्हणजे वापरणारे, असतील तर तेव्हा फुकट चालायचं. दहा क्लायंटवर आधी अकाउंट्समध्ये चालवून पाहिलं. काकांना न सांगता. नीट चाललं, म्हणून पूर्ण लायसन्स घ्यायचं ठरलं.

लायसन्स घेणं हा वेगळाच सोहळा झाला. सॉफ्टवेअर म्हणजे डबा, सीडी आणि वर होलोग्रामचं स्टिकर अशी पर्चेसची व्याख्या. डॉलरमध्ये पैसे भरायचे आणि बदल्यात ईमेलने एक की येणार, हे पटवता पटवता दोन आठवडे गेले. "माल आल्याची नोंद स्टोअरमध्ये कशी करायची?" असा रास्त प्रश्न आला. शेवटी साहेबांनी स्वतःचं क्रेडिट कार्ड दिलं. आलेल्या ईमेलची प्रिंट काढून स्टोअरने त्यावर जीआरएनचा, म्हणजे माल मिळाल्याचा, शिक्का मारला. ती प्रिंट कुठल्यातरी फाइलमध्ये अजून असेल.

इन्स्टॉल करताना फायरवॉलची सर्व्हिस थांबवून परत चालू करावी लागते, म्हणजे तेवढा वेळ सगळ्यांचं नेट बंद. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर बसलो. काम अर्ध्या तासाचं. उत्साहाच्या भरात पहिला रूल त्याच रात्री लिहून टाकला: ऑफिसचा सगळा ग्रुप, वेग २५६ किलोबिट. मनात हिशेब असा की कुणालाही २५६ च्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे सिनेमावाला आपोआप दमतो.

सुट्टीनंतर सकाळी नऊ वाजता इंटरकॉम वाजला. सव्वानऊला माणसं प्रत्यक्ष यायला लागली. साडेनऊला एचआरच्या मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही दुरुस्त करणार होतात ना?"

झालं होतं असं. त्या रूलमध्ये एक छोटीशी निवड असते: हा वेग प्रत्येकाला वेगवेगळा द्यायचा, की या रूलखाली येणाऱ्या सगळ्यांत मिळून वाटायचा? मी दुसऱ्यावर टिक करून बसलो होतो. ग्रुपमध्ये तेव्हा तीस माणसं ऑनलाइन. २५६ भागिले तीस, म्हणजे माणशी साडेआठ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे बाइटमध्ये म्हणाल तर सेकंदाला एक केबी. घरातल्या जुन्या डायल-अप मॉडेमवरही याच्या पाचपट मिळायचं. बरं, चूक कळल्यावर मी टिक बदलली तर दुसरं टोक गाठलं. प्रत्येकाला २५६ म्हणजे तीस जणांना मिळून साडेसात एमबीची मुभा, आणि लाईन दोनची. म्हणजे रूल असून नसल्यासारखा. चार वाजता डिस्पॅचचा फोन ठरल्याप्रमाणे आलाच.

त्या रविवारी घरी गेलो होतो. आमची जमीन ओझरकडे, वाघाड धरणाच्या कालव्यावर. त्या भागात शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था आहेत, संस्थेला पाणी घनमीटरने मोजून मिळतं आणि पुढे संस्था ते सभासदांना वाटते. अण्णा त्यात वर्षानुवर्षं. जेवताना मी माझं रडगाणं सांगितलं, त्यांना समजेल असं, पाण्याच्या भाषेत. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "चारीच्या तोंडाला पट्टी आहे का?"

"कसली पट्टी?"

"मोजायची. पाणी किती आलं, कुणाच्या वावरात किती गेलं, ते बघितलं का कधी? का नुसतंच, अमका चोरतो, तमका चोरतो?"

मी गप्प. पट्टी होती की. त्या ॲड-ऑनमध्ये एक मॉनिटरिंगची खिडकी आहे. या क्षणी कोण, कुठून, किती वेगाने ओढतोय, हे ओळीओळीने दिसतं. मी ती एकदा कौतुकाने उघडून बंद केली होती.

सोमवारी, २२ फेब्रुवारीला, मी सगळे रूल काढून टाकले. आठवडाभर काही अडवायचं नाही, नुसतं बघायचं. शंभर पानी वही घेतली, तीन रकाने आखले: वेळ, कोण, किती. दर दहा मिनिटांनी खिडकीत सगळ्यात वरच्या तीन ओळी लिहून घ्यायच्या. हे कॉम्प्युटरवरही करता आलं असतं हे मान्य, पण वही टेबलावर उघडी पडलेली असली की येणारा-जाणारा विचारतो, आणि विचारता विचारता काहीतरी सांगून जातो.

पहिली अडचण 'कोण' या रकान्यातच. वेब बघणाऱ्यांची नावं नीट दिसायची, कारण ब्राउझर प्रॉक्सीला लॉगिन देत होता. पण मेलच्या ओळींवर नाव नाही, नुसता आकडा: १९२.१६८.१.१३७. आयएसएची ही जुनी गंमत. ज्या मशीनवर त्याचा फायरवॉल क्लायंट नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकलेला नाही आणि जे नुसतं गेटवे म्हणून त्याच्यातून बाहेर जातं, ते आपण कोण आहोत हे सांगू शकत नाही. त्याला फक्त पत्ता असतो. आमच्याकडे तो क्लायंट निम्म्या मशीनवर नव्हताच, आणि पत्ते डीएचसीपीचे, म्हणजे आपोआप वाटले जाणारे, आज एक तर परवा दुसरे. म्हणजे मी माणसांच्या नावाने जे रूल लिहिले होते, ते मेलला कधी लागूच झाले नव्हते.

मंगळवारी दुपारी ३:३४ ची नोंद वहीत अशी आहे: "१३७. पाठवतोय. पूर्ण लाईन." खाली ३:३६ ला: "१३७ थांबला. आता १०२, ११८, १२१, १४० … बारा जण, सगळे मेल घेतायत. पूर्ण लाईन." आणि ३:५५ ला सुद्धा तेच. मी उठलो आणि १३७ शोधायला निघालो. स्विचचा पोर्ट बघून वायरीचा माग काढत गेलो तर क्वालिटीच्या केबिनमध्ये निघालो. समोर क्वालिटीचे मॅनेजर, शिफ्ट सुटल्यावरचा चहा घेत.

"साहेब, आत्ता तुम्ही काय पाठवलंत?"

"रोजचा रिजेक्शन रिपोर्ट. का?"

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची. त्या दिवशी जे जॉब रिजेक्ट झाले त्यांचे फोटो काढून ते सगळ्या विभागप्रमुखांना पाठवायचे. शिस्तीचा माणूस, एक दिवस चुकवायचा नाही. कंपनीने त्यांना दिवाळीत नवा डिजिटल कॅमेरा दिला होता. एक फोटो तीन एमबीचा, रोज पाच फोटो, म्हणजे पंधरा एमबी. मेलमध्ये अटॅचमेंट घातली की ती अक्षरांत बदलून जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. पंधराचे वीस झाले. वीस एमबी दोन एमबीपीएसच्या लाईनवरून बाहेर जायला ऐंशी सेकंद (फाइल मोजतात बाइटमध्ये, लाईन बिटमध्ये). इथवर ठीक.

खरी मेख पुढे होती. आमचा मेल सर्व्हर कारखान्यात नव्हता, बाहेर होस्टिंगवाल्याकडे. क्वालिटीकडून बाहेर गेलेला तो मेल पन्नास फुटांवरच्या स्टोअरला मिळायचा तर परत बाहेरूनच आत यायचा. बारा जणांना पाठवलेला, म्हणून बारा वेळा. बारा गुणिले वीस, दोनशेचाळीस एमबी. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला: लाईन पूर्ण मोकळी असली तरी सोळा मिनिटं. आणि लाईन भरलेली म्हणून एखाद्याचं आउटलुक एक्स्प्रेस मध्येच टाइमआउट झालं, तर पीओपीमध्ये, म्हणजे मेल उतरवून घ्यायच्या आमच्या पद्धतीत, तो मेल पहिल्यापासून पुन्हा उतरतो. सव्वाचारपर्यंत गाडं चालायचं. गाडी चारला गेटवर.

म्हणजे मी सर्व्हर रूममध्ये दिव्यांसमोर उभा असायचो आणि इन्व्हॉइस 'आपोआप' निघायचं, ते शेवटच्या विभागप्रमुखाचा मेल उतरून झाल्यावर. रिजेक्टेड कास्टिंगचे फोटो चांगल्या कास्टिंगचा ट्रक अडवत होते.

सिनेमा उतरवणारं पोरगंही सापडलं, नाही असं नाही. डिझाइनमधलाच एक. पण तो संध्याकाळी सातनंतर, लाईन रिकामी असताना उतरवायचा. चौकशी केली तर म्हणाला, "भाऊ, दिवसा वेगच मिळत नाही."

आणखी एक चोर सापडला तो मी स्वतः. रोज दुपारी एक वाजता वहीत ओळी भरून जायच्या. सगळी मशीन एकाच वेळी, एकाच पत्त्याकडून काहीतरी ओढतायत. अँटिव्हायरसचे अपडेट. प्रत्येकी पाच एमबी धरले तर ऐंशी मशीनचे चारशे, म्हणजे लाईनचा जवळजवळ अर्धा तास. जेवणाची सुट्टी, कुणाला त्रास नको, म्हणून एकची वेळ वर्षभरापूर्वी मीच लावली होती. वास्तविक एका मशीनवर अपडेट उतरवून बाकीच्यांना आतल्या आत वाटायची सोय त्या अँटिव्हायरसमध्येच होती. ती चालू करायला चाळीस मिनिटं लागली. याबद्दल मी तेव्हा कुणाला काही बोललो नाही.

त्याच आठवड्यातला बुधवार लक्षात राहिलाय. २४ फेब्रुवारी. ग्वाल्हेरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध डे-नाइट मॅच. सचिन दीडशेच्या पुढे गेला तसं अख्ख्या ऑफिसात कुजबुज सुरू झाली, आणि साडेपाचनंतर इंटरकॉम थांबेना. "नेट गेलं." "स्कोअर उघडत नाही." "भाऊ, आजच्या दिवस तरी लिमिट काढा राव!" मी खिडकीत बघतोय तर लाईन तीन चतुर्थांश रिकामी. आम्हा सगळ्यांना जिथे स्कोअर बघायचा होता ती साइटच आमच्याकडे उघडत नव्हती, आणि सगळे एफ-फाइव्ह दाबत बसलेले. रूल तर एकही लावलेला नव्हता, पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? शेवटी कँटीनमधल्या रेडिओवर दोनशे ऐकले. पुरुषांच्या वनडेतलं पहिलं द्विशतक मी सर्व्हर रूमच्या दाराला पाय लावून, कान कँटीनकडे करून ऐकलंय. वहीत त्या दिवशी ५:५० च्या पुढे काही लिहिलेलं नाही.

आठवडा संपला. आता रूल लिहायला बसलो ते वही समोर ठेवून. ईआरपीला किती द्यायचं या विचारात न पडता उलट बाजूने गेलो: बाकी सगळ्यांना मिळून दीड एमबीच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे अर्धा एमबी ईआरपीला आपोआप मोकळा राहतो. कालव्यावरही असंच करतात, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, माणसाला आधी, वरच्यांना नंतर. मग त्या दीडचे तीन वाटे केले. मेल सर्व्हरच्या पत्त्याकडे जाणारं-येणारं सगळं मिळून ५१२ किलोबिट. वेब ७६८, पण हे सगळ्यांत वाटून, म्हणजे एकटाच असेल तर पूर्ण मिळतं आणि दहा आले तर दहांत भागतं. डिझाइनला ग्राहकाकडे ड्रॉइंग पाठवायला २५६. तिघांची बेरीज १५३६. येणारं आणि जाणारं दोन्हीला हेच. पाठवण्याला लिमिट लावणं लोक विसरतात. पण जाणारी बाजू तुंबली की येणारंही अडतं, कारण आलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच त्याच बाजूने जायची असते.

रूल वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडतो तोच धरला जातो, म्हणून क्रम महत्त्वाचा. सगळ्यात तळाला एक रूल ठेवला: वरच्या कशातच न बसणारं जे कुणी असेल, त्याला ६४. विभागवार पत्ते पक्के बांधून दिले, आणि उरलेल्या मशीनवर फायरवॉल क्लायंट टाकत दोन दिवस टेबलांखाली रांगत होतो. टेबलांखाली काय काय सापडतं यावर वेगळं लिहिता येईल. एकाच्या सीपीयूवर लोणच्याची बरणी होती, ऊब मिळते म्हणून.

बाहेरून येणाऱ्याला आपण कसं अडवणार, तो तर लाईन भरूनच आत येतो, असं मला बरेच दिवस वाटायचं. उत्तर सोपं आहे. बाहेरच्या साइटशी बोलतो तो आयएसए. त्याने वाचायचा वेग कमी केला की समोरचा पाठवायचा वेग कमी करतो, कारण टीसीपीमध्ये, म्हणजे वेब आणि मेल ज्या पद्धतीने जातात तिच्यात, घेणाऱ्याच्या हातात किती जागा आहे हे देणारा सतत बघत असतो. वाढणाऱ्याने ताटाकडे बघून वाढावं तसं. जे टीसीपी नाही, ते मात्र ताटाकडे बघत नाही. इंटरनेटवरून बोलायचे कॉल त्यातले. त्यांच्यावर लिमिट बसलं की वेग कमी होण्याऐवजी आवाज तुटायचा. त्यांना मी लिमिटमधून बाहेरच ठेवलं.

क्वालिटीच्या साहेबांशी मात्र रूलने काम भागणार नव्हतं. मेलला ५१२ लावल्यावर ट्रक सुटला असता, पण तेच दोनशेचाळीस एमबी आता सोळाऐवजी चौसष्ट मिनिटं रेंगाळले असते आणि त्यामागे सगळ्यांचे मेल. मी त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही पानं नीट वाचली, भागाकार स्वतः परत करून पाहिला (क्वालिटीचा माणूस), आणि म्हणाले, "फोटो लहान करून ब्लोहोल दिसला पाहिजे." ब्लोहोल म्हणजे कास्टिंगमध्ये हवा अडकून राहिलेलं भोक.

मग आम्ही दोघं बसलो. एकच फोटो वेगवेगळ्या आकारात छोटा करून त्यांना दाखवत गेलो. चाळीस केबीला ब्लोहोल म्हणजे नुसता डाग. ऐंशीला "बरा आहे, पण कडा नाही". दीडशे केबीला ते स्क्रीनजवळ गेले, चष्मा वर केला, कास्टिंग हातात घेतलं, फोटो बघितला, परत कास्टिंग बघितलं. "चालेल." तीन एमबीचे दीडशे केबी झाले. मूळ मोठे फोटो आतल्या सर्व्हरवर एका शेअर्ड फोल्डरमध्ये, ज्याला हवेत त्याने तिथून बघावेत. नेटवर्क आतलं आहे, त्याला लीज लाईन लागत नाही. हे दीडशे केबीचं ठरवायला पाऊण तास गेला. ते जमलं नसतं तर बाकीच्या रूलनी फारसं काही साधलं नसतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चार वाजता इंटरकॉम वाजला नाही. सवय इतकी झालेली की सव्वाचारला मीच डिस्पॅचला फोन केला. "गाडी गेली की कधीच," पलीकडून पोरगा म्हणाला, "काय काम होतं?"

पण दुसऱ्याच दिवशी साहेबांचं बोलावणं. "सगळे म्हणतात नेट पळतंय. मग माझंच का रांगतंय?" मला घाम फुटला. त्यांचा लॅपटॉप त्यांनी सिंगापूरहून आणलेला, कंपनीच्या डोमेनमध्ये (लॉगिनच्या व्यवस्थेत) नाही, फायरवॉल क्लायंट नाही, वेगळा पत्ता. वरच्या एकाही रूलमध्ये न बसता साहेब थेट तळाच्या ६४ मध्ये पडले होते, दोन दिवस. मी खरं ते सांगून टाकलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी पाहुण्यांच्या पंगतीत." त्यांच्यासाठी स्वतंत्र रूल केला. त्याला लिमिट किती, ते इथे लिहीत नाही.

एप्रिलमध्ये हौस म्हणून कोटाही लावून पाहिला. वेगाशी त्याचा संबंध नाही, महिन्याला माणशी अमुक एवढे एमबी, संपले की बंद. डिझाइन, मार्केटिंग ठीक चालले. फसलो ते अकाउंट्समध्ये. काका एक्साइजचंही (उत्पादन शुल्काचंही) बघायचे. ईआर-१ रिटर्न पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरायचं, आणि तेव्हा ते ऑनलाइन सुरू झालेलं. माझ्या कोट्याचा महिना सुरू होत होता ११ तारखेला, कारण लायसन्सची की त्या तारखेला आली आणि मी मोजणी तिथून लावून दिली होती. म्हणजे काकांचा कोटा संपायचा नेमका १० च्या आसपास. ९ मेच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज शांत, पण मला कधी नव्हे ते "अहो" म्हणाले. "अहो, सरकारची साइट उघडत नाही. उद्या शेवटची तारीख. दंड तुमच्या पगारातून धरू का?"

त्यांना कोट्यातून काढून टाकणं हा उपाय सरळ होता. काकांनीच नको म्हटलं. ते दुपारी यूट्यूबवर कीर्तन ऐकायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं की मला ते ठाऊक आहे. "सगळ्यांना जे आहे ते मलाही असू दे. तू फक्त माझी दहा तारीख सांभाळ." नुसत्या सरकारी साइटला सूट देऊनही भागेना, पैसे भरताना पान उड्या मारत बँकेच्या साइटवर जायचं आणि बँका बदलत्या. शेवटी मी मोबाइलमध्ये दर महिन्याच्या ९ तारखेचं रिमाइंडर लावलं, "काकांचा कोटा". वाजलं की जाऊन त्यांचा काउंटर शून्यावर आणायचा. मोजणीचा महिना १ तारखेला आणला असता तर हे करावंच लागलं नसतं, हे मला सप्टेंबरात सुचलं. तोवर ९ तारखेला काउंटर शून्य करून काकांकडे चहाला जायचं असं ठरूनच गेलं होतं, म्हणून तसंच राहू दिलं.

ती व्यवस्था पाच वर्षं चालली. दरम्यान लाईन दोनची चार झाली, मग दहा. प्रत्येक वेळी मी बेरजेचा तो कागद नव्याने मांडायचो, आणि प्रत्येक वेळी आठवडाभर आधी वही. साइट एकेक करून एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, गेल्या तसं प्रॉक्सीला आतलं काही दिसेनासं झालं, मात्र कुठल्या पत्त्याकडे किती गेलं हे दिसायचं, आणि वाटणीला तेवढं पुरतं. आयएसए ज्यावर चालायचा त्या विंडोज सर्व्हर २००३ चा सपोर्ट १४ जुलै २०१५ ला संपणार होता, म्हणून त्याच्या आधी दोन महिने ते मशीन बंद करून फायरवॉलचा तयार डबा बसवला. त्यात हे सगळं आधीच असतं. बंद करण्यापूर्वी मी रूलची यादी छापून घेतली. एकोणीस रूल होते. सहा नंबरचा रूल कुणासाठी होता ते मला शेवटपर्यंत आठवलं नाही, पण काढायची हिंमत पाच वर्षांत झाली नव्हती.

काका २०१६ ला रिटायर झाले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमच्यापुरतं ईआर-१ इतिहासजमा झालं. फोन दोनदा बदलला, पण कॅलेंडर जुन्यातून नव्यात आपोआप उतरतं. ९ तारखेला संध्याकाळी पाचला अजून वाजतं.